तिसऱ्याची थाप

म्हातारी थापा मारतेय असं ज्याला म्हणायचं असेल, त्याने आत्ताच म्हणून घ्यावं.

थापेचीच गोष्ट आहे ही. पण खोटी नाही. माझ्या पोटच्या पोराच्या बाबतीत घडलेली आहे, आणि पोराच्या जिवावर गोष्टी रचण्याइतकी मी अजून रिकामटेकडी झालेले नाही.

रात्र, अमावस्या, असलं काही शोधू नका. भर दुपारी घडलं. डोळे दिपतील अशा उन्हात.

माझा धाकटा यंत्रं दुरुस्त करतो. सूनबाई दगडांचं शिकलेली. दगड हातात घेतला की त्याचं वय सांगते. दोघं मिळून एका ओसाड माळावर कामाला गेली होती. लाल माती, लाल दगड, झाडाचं नाव नाही. माणसं पुढेमागे मंगळावर जाणार म्हणे, त्याची तिथे रंगीत तालीम चालते. मधोमध पांढरं गोल घर, पालथ्या पातेल्यासारखं. त्यात चार-पाच जणांनी स्वतःला कोंडून घ्यायचं, आणि आपण मंगळावरच आहोत असं धरून चालायचं.

धरून चालायचं म्हणजे अगदी कडेलोट होईपर्यंत.

बाहेर मोकळी हवा आहे, पण नाही समजायचं. दार उघडून थेट बाहेर पडायचं नाही. आधी मधल्या खोलीत शिरायचं, आतलं दार लावायचं, पाच मिनिटं गप्प उभं राहायचं, मग बाहेरचं दार. परत येतानाही तसंच. का, तर खऱ्या मंगळावर हवा काढायला-भरायला तेवढा वेळ लागेल.

"आणि इथे काय होतं त्या पाच मिनिटांत?" मी विचारलं होतं.

"काही नाही आई. नुसतं उभं राहायचं," धाकटा म्हणाला.

"घरात कधी पाच मिनिटं गप्प उभा राहिला नाहीस तू!"

तो हसला. सूनबाई नाही हसली. तिथली मुख्य तीच होती. नियमावर केलेली थट्टा तिला चालत नाही.

आता त्या पोशाखाचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं.

जाडजूड सूट. डोक्यावर घागरीएवढं हेल्मेट. पाठीवर पेटी, पेटीत पंखा, पंखा बॅटरीवर. तो पंखा हेल्मेटात हवा सोडतो. पंखा बंद पडला, तर आत आपलाच टाकलेला श्वास आपणच परत घ्यायचा.

आणि हेल्मेट काढायचा खटका... मागे. मानेखाली.

स्वतःचा हात तिथे पोचत नाही. दुसऱ्यानेच काढायचा.

म्हणून तिथे कुणी एकट्याने बाहेर जायचं नाही.

हेल्मेटात मानही वळत नाही. मागे कोण आहे, कळत नाही. म्हणून फेरीला निघाले की एकामागे एक चालायचं, आणि मागच्याने अधूनमधून पुढच्याच्या पेटीवर थाप मारायची. दोनदा. म्हणजे, मी आहे. शेवटच्याची थाप मधल्याला, मधल्याची पहिल्याला. पहिल्याला थाप मिळाली की सगळे आहेत. रेडिओ असतो, पण वारा सुटला की त्यात नुसती खरखर.

बाहेर नावंही घ्यायची नाहीत. पहिली, दुसरी, तिसरा. घरात नवऱ्याला 'अहो' म्हणणारी माझी सूनबाई तिथे त्याला 'तिसरा' म्हणायची. मी टोमणा मारला होता, "पहिला-दुसरा कोण होता गं?" तेव्हा मात्र हसली होती.

त्या दिवशी तिघं गेले. पुढे सूनबाई, मध्ये डॉक्टरीण, मागे धाकटा. चौथा गडी आत रेडिओपाशी.

लांबच्या एका घळीतून दगड आणायचे होते. दगड घेतले. घळीतून वर चढताना वारा सुटला. धूळ अशी उठली की पुढचं माणूस दिसेना. सूनबाईने हाताने खूण केली, परत.

चालायला लागले.

थाप आली. डॉक्टरणीच्या पाठीवर. तिने पुढे दिली.

पुन्हा काही वेळाने... थाप.

डॉक्टरीण मला स्वतः म्हणाली, "आजी, त्याची थाप मी झोपेतही ओळखेन. एक मारायचा, मग जरा थांबायचा, मग दुसरी. चेष्टेखोर माणसासारखी. अगदी तशीच होती."

अख्ख्या वाटेवर एकही थाप चुकली नाही.

घर आलं. तिघं मधल्या खोलीत शिरली. म्हणजे, त्या दोघींना तसं वाटलं. खोली अरुंद, मागे वळायला जागा नाही. दोघी आतल्या दाराकडे तोंड करून उभ्या. शेवटच्याने बाहेरचं दार लावायचं असतं.

दार लागलं.

कडी सरकली. दोघींनी ऐकली.

मग पाच मिनिटं. पंख्यांची घरघर. आणि मध्येच... थाप. पुन्हा एक.

डॉक्टरणीला राग आला. आता कशाला मारतोय? आलो ना घरी.

आतल्या दाराला गोल काच आहे. काचेपलीकडे रेडिओवाला आला. त्याने बघितलं. त्याचं तोंड हललं, आवाज रेडिओत आला.

"दोघीच? तिसरा कुठे?"

दोघी कशाबशा वळल्या.

मागे कुणी नव्हतं.

बाहेरच्या दाराची कडी आतून लागलेली होती.

आता पुढचं ऐका. हे सांगताना सूनबाईचा आवाज फुटला होता. तिला मी लग्नातसुद्धा रडताना पाहिलेलं नाही.

नवरा बाहेर राहिला, एवढं कळलं. कडी काढायची आणि पळायचं, एवढंच होतं. पण तिचा हात सवयीने भिंतीवरच्या बटणावर गेला. तिने बटण दाबलं. लाल दिवा लागला. आणि ती उभी राहिली.

पाच मिनिटं.

हवा काढायची पाच मिनिटं. जी हवा काढली जातच नव्हती.

डॉक्टरीण हुंदके देतेय. रेडिओवाला काचेला नाक लावून दिव्याकडे बघतोय. तिघांपैकी एकालाही सुचलं नाही की अरे, हे नाटक आहे, दार उघडा!

"आई, मी दार उघडलं नाही," ती मला म्हणाली. "ते तिथे गुदमरत होते आणि मी दिवा हिरवा व्हायची वाट बघत होते."

दिवा हिरवा होता होता रेडिओत खरखर झाली. आणि त्यातून त्याचा आवाज...

"तिसरा बोलतोय... पाय मोडलाय... घळीत आहे..."

मग नुसती खरखर.

"...पंखा थांबतोय."

दोघी पळत सुटल्या. तो सूट घालून पळणं म्हणजे गादी पांघरून पळणं. सूनबाई दोनदा पडली. रेडिओवाल्याने मदत मागितली म्हणावं, तर गावातल्या कचेरीकडे, म्हणजे त्यांच्या भाषेत पृथ्वीकडे, जाणारा प्रत्येक निरोप यंत्र आधी काही मिनिटं अडवून धरायचं. मंगळ लांब ना, निरोप पोचायला वेळ लागणार! 'माणूस मरतोय' हा निरोपही यंत्राने तसाच अडवला. तो बिचारा यंत्रावर बुक्क्या मारत बसला.

त्यात धाकट्याचा आवाज पुन्हा आला. बारीक.

"काच फुटत नाहीये... दगडाने मारतोय... हात पोचत नाही गं..."

मग आवाज आलाच नाही.

त्या शांततेत सूनबाई थांबली. डॉक्टरणीकडे पाठ केली आणि ओरडली, "काढ!"

"ताई, नियम..."

"काढ म्हणते ना!"

डॉक्टरणीने खटका दाबला. सूनबाईने ते हेल्मेट भिरकावून दिलं आणि उघड्या डोक्याने धावत सुटली. धुळीत. उन्हात. तिसरा म्हणून नाही, 'अहो' म्हणून हाका मारत. डॉक्टरीण म्हणाली, "आजी, अशी हाक मी कधी ऐकलेली नाही. मेलेला माणूसही उठून बसेल."

घळीच्या काठावर पोचली तेव्हा वारा पडला होता. धूळ खाली बसली होती.

खाली धाकटा आडवा. पाय नको तसा वळलेला.

डोकं उघडं.

हेल्मेट शेजारी ठेवलेलं. फेकलेलं नाही. ठेवलेलं... काच वर करून, नीट.

श्वास चालू होता.

सूनबाईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याने डोळे उघडले आणि जरा वैतागूनच म्हणाला, "परत कशाला आलीस? आत्ताच तर काढून दिलंस ना?"

"मी?"

"मागून थाप मारलीस की. आणि खटका काढलास."

डॉक्टरीण मागे उभी होती. ती हळूच सूनबाईला चिकटून बसली.

मी दवाखान्यात पोचले ते तोंड सोडूनच. कचेरीतला साहेब आला होता, त्याचा आधी समाचार घेतला. "तुमची पृथ्वी बहिरी आहे का हो?" म्हटलं. मग विचारलं, "त्या माळावर आधी कुणी मेलंय का? खरं सांगा."

"नाही हो. जागा नवीन आहे. तिथे कुणी राहतच नव्हतं."

"तुमचा एखादा सूट कमी आहे का?"

"सगळे जागेवर आहेत, आजी."

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारी माणसं मी घरातच भरपूर बघितलीत.

धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता. पाय प्लास्टरमध्ये. मी खाटेवर बसले. म्हटलं, "श्वास कोंडला की भास होतात रे. तूच कसातरी काढला असशील."

"हात पोचत नाही, आई."

"जीव जायची वेळ आली की पोचतो."

"नाही पोचत. मी जीव जायच्या वेळीच करून बघितलं."

मग तो म्हणाला, "एक सांगू? हिला सांगितलेलं नाही. तूच खटका काढलास, असं तिला मी मुद्दाम म्हणालो."

"बोल."

"हेल्मेट निघालं. मी हवा ओढून घेतली. वाटलं हीच आहे. मग तो मागून पुढे आला."

"तो? कोण तो?"

"माहीत नाही. आमच्यासारखाच सूट. पण रंग पार उडालेला. पेटीतून पंख्याचा आवाज नाही. काचेवर धूळ इतकी की आतलं काही दिसत नव्हतं. तो पुढे आला आणि... माझ्याकडे पाठ करून बसला."

"पाठ करून?"

"हो. अगदी जवळ. आणि हात मागे नेला. मानेकडे. त्याचाही पोचत नव्हता, आई. पुन्हा नेला. पुन्हा."

मी माझाच हात मानेमागे नेऊन बघितला.

"त्याला हेल्मेट काढून हवं होतं," धाकटा म्हणाला.

"मग?"

"माझा हात पोचत होता. एवढ्याशा अंतरावर खटका होता."

"मग काय केलंस?"

तो रडायला लागला. चाळिशीचा बाप्या, लहान मुलासारखा.

"मी नाही काढला. आत काय असेल, या भीतीने. तो वाट बघत बसून राहिला. नुसता बसून. मग हिची हाक ऐकू आली आणि मी वर बघितलं. खाली बघतो तर... नाही."

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, "बरं केलंस. नाही ते उघडायला जाऊ नये."

मनापासून म्हटलं होतं. आजही म्हणते.

पण तो घरी आला तो काही माझा धाकटा राहिला नाही. जेवायला बसला की घास हातातच. खिडक्या बंद केल्या की उठून उघडायचा. कुणी काही विचारलं की उत्तर भलतंच.

"किती वेळ थांबला असेल गं तो?"

"कोण?" नवीन माणूस विचारायचा. आम्ही नाही विचारायचो.

पाय बरा झाला तसं त्याने सांगून टाकलं, परत जातो म्हणून. मी घर डोक्यावर घेतलं. "एकदा सुटलास, आता काय आरती ओवाळून घ्यायला जातोस? मोडक्या पायाने? माझ्या मढ्यावरून जा!" जे जे बोलता येईल ते बोलले. शेवटी सूनबाईकडे वळले. म्हटलं, "अगं, तू तरी सांग! तू मुख्य ना त्याची?"

मला वाटलं, नियमाचं बोलेल. ती नियमाचीच बाई.

ती दोघांची बॅग भरत होती.

"आई, त्याने माझा माणूस मला परत दिला," ती म्हणाली. "मी बरोबर जाते. हे एकटे नाहीत जाणार."

मी उठून त्या बॅगेत लाडवांचा डबा कोंबला.

आज सकाळी दोघं घळीपाशी पोचली. कुठली कचेरी नाही, सूट नाही, साध्या कपड्यांत. सूनबाईचा फोन आला. "आई, वारा सुटलाय. हे खाली उतरलेत. मी काठावर आहे."

"दिसतोय का तुला तो?"

"हे दिसतायत... थांबा." मग आवाज एकदम खाली गेला. "आई, यांच्यासमोर कुणीतरी पाठ करून बसलंय."

फोन तुटला. तेव्हापासून लावतेय, लागत नाही.

दुपार टळून गेली. घरात सगळे माझ्याकडे बघतायत. काय बोलू? डॉक्टरणीचे शब्द डोक्यातून जात नाहीत. एक मारायचा, जरा थांबायचा, मग दुसरी. अगदी माझ्या धाकट्याचीच. आणि तो तर तेव्हा घळीत पडलेला.

त्याने खटका काढला असेल एव्हाना. माझा मुलगा आहे, मागे हटायचा नाही.

आत काही नसू दे. हाडं असली तर हाडं असू देत.

ओळखीचं कुणी नसू दे.