डोकावायची काच

माझ्या संशयी स्वभावाची घरात भरपूर चेष्टा होते. ताई म्हणते, हा उकळत्या पाण्यालासुद्धा हात लावून खात्री करून घेईल. पण कारखान्यात सुरक्षा तपासायची तर भोळा माणूस काय कामाचा?

आमच्याकडे दगडी कोळसा आणि वाळक्या काड्यांचा भुगा मिसळून भट्टीत घालतात. हवा मुद्दाम कमी सोडतात, म्हणजे माल जळून राख न होता त्याचा जळाऊ वायू होतो. आत डोकावायला भट्टीच्या अंगाला बशीएवढी जाड काच आहे. ती एका पाळीत आतून डांबराने काळी होते. आठवड्याने भट्टी थंड करून, बोल्ट काढून पुसायची. तोवर सगळं अंदाजाने. या खेपेला मात्र बारा दिवस काच लख्ख होती.

भट्टीवर भावोजी असतात, ताईचे यजमान. हल्ली त्यांच्या खांद्यावर सतत एक काळं फडकं दिसायचं. चालू भट्टीची काच उघडली तर बाहेर येणाऱ्या वायूतल्या विषाला वास नसतो. कळायच्या आत माणसं आडवी होतात. उघडणाऱ्याची नोकरी त्याच दिवशी जाते, आणि तो कागद माझ्या सहीने निघतो.

"घरी आले की खिडक्यांच्या काचा पुसत बसतात," ताई फोनवर म्हणाली. "ह्यांना जरा सांभाळून घे रे."

माझ्या मनातली पाल आणखीच चुकचुकली. मी गुपचूप सहाही बोल्टांवर कागदी सील चिकटवली, प्रत्येकावर सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. सील जशीच्या तशी. काच लख्ख.

भावोजींचं फडकं मागून घेतलं, हुंगलं. डांबराचा वास नाही, चिकटपणा नाही. नुसती कोळशाची कोरडी धूळ.

"भावोजी, खरं सांगा. काच उघडता का तुम्ही?"

"उघडत नाही रे. ठोकतो फक्त."

काजळी झडावी म्हणून चौकटीवर पान्याने दोनदा ठोकायची आमच्याकडे जुनी सवय आहे. डांबर त्याने कधीच झडत नाही, तरी सगळे ठोकतात.

"आणि काच साफ होते? कधीपासून?"

"काड्या मिसळायला लागल्यापासून." ते कसनुसं हसले. "कोळसा म्हणजे जुनं जंगलच की. पणजोबा आणि पणतू एका खोलीत कोंडलेत तुम्ही. गप्प कसे बसतील?"

मला हसू आलं नाही. त्यांना ठोकू न देता मी काचेसमोर स्टूल टाकून बसलो. चारच्या सुमारास काच पार काळी झाली. छातीवरचा वायुमापक शून्य दाखवत होता. डोकं ताळ्यावर होतं.

मी स्वतः पाना घेतला. दोनदा ठोकलं.

काळ्या थरात आतून पुसल्यासारखा एक गोल उमटला. मग शेजारी दुसरा. सावकाश, कडेपर्यंत नीट.

आत नऊशे अंश होते.

मी पाना खाली ठेवला. भावोजी खोटं बोलत नव्हते म्हणून हायसंही वाटलं. तिथेच उभ्या उभ्या लिहिलं: काच बंद, सील शाबूत, कामगाराचा दोष नाही. सही केली. त्यांची नोकरी वाचली. भट्टी बंद करायला कारण काय लिहायचं, ते मात्र सुचेना.

"मग हे फडकं कशाला लागतं?" मी विचारलं.

भावोजी सांगायला वळले. तेवढ्यात त्यांना वरून हाक आली आणि ते जिना चढून गेले. फडकं माझ्याच हातात राहिलं.

माल नेणाऱ्या पट्ट्यावरून धूळ गळत होती. बाहेरच्या अंगाने काच हळूहळू काळवंडली.

आतून टकटक झाली. दोनदा.

भानावर आलो तेव्हा माझा हात काचेवर फिरत होता. सावकाश, कडेपर्यंत नीट.