गोष्टींतला आवाज

"ताई, हे तू बोललेली नाहीस, एवढं एकदा तरी सांग ना!" धाकटीने मोबाइल टेबलावर आपटला आणि त्यातून थोरलीचाच आवाज पुन्हा स्वयंपाकघरभर घुमला... "या वर्गातली निम्मी पोरं म्हणजे निव्वळ कचरा! यांना शिकवण्यापेक्षा भिंतींना शिकवलेलं बरं."

सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवणारी थोरली मटार सोलत राहिली. 'कालचा तास' म्हणून ती क्लिप मंगळवारी पालकांच्या ग्रुपवर आली आणि बुधवारपर्यंत षट्कर्णी झाली. खुलासा देईपर्यंत बाईंनी वर्गावर जाऊ नये, असं मुख्याध्यापकांनी कळवलं. खुलासा एका ओळीचा होता. तेवढा मात्र ती देत नव्हती.

कारण पहिल्याच वाक्याला तिने ओळखलं होतं. आवाज तिचाच, पण ऑपरेशनच्या आधीचा! आठ महिन्यांपूर्वी घशावर शस्त्रक्रिया झाली, तो मऊ, भरदार आवाज कायमचा गेला आणि दर चार शब्दांना धाप लागणारा हा घोगरा आवाज तेवढा उरला. गंमत अशी की कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सगळ्यांच्या कानांत अजून जुन्याच बाई बसलेल्या. तो आवाज आता एकाच ठिकाणी शिल्लक होता... ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात धाकटीच्या मुलीने, भाचीने, हट्टाने रेकॉर्ड करून घेतलेल्या गोष्टींत, तिच्या मोबाइलमध्ये. खरं सांगितलं असतं, तर त्याच शाळेत नववीत असलेल्या त्या पोरीचं नाव शाळेतून कमी झालं असतं. आपली सव्वीस वर्षं होऊन गेली, हिचं सगळंच व्हायचंय, असा हिशोब करून थोरलीने तोंड शिवून घेतलं होतं.

"बोल ना! लोकांना काय उत्तर देऊ मी?"

"हे बघ... तू..." थोरलीला ठसका लागला. धाकटीने सवयीने पाण्याचा पेला पुढे केला, पाठीवरून हात फिरवला आणि तो हात मध्येच थांबला.

"ताई... इतकं सलग तुला बोलता तरी येतं का?"

दारात उभ्या असलेल्या भाचीचा बांध फुटला. "आई, मी केलंय ते! मावशीच्या गोष्टी आवाजाची नक्कल करणाऱ्या ॲपमध्ये टाकल्या, वाक्यं लिहिली... मैत्रिणींना नुसतं हसवायचं होतं गं! एकीने पुढे पाठवलं..."

धाकटीने हात उगारला. थोरलीने तो वरच्यावर धरला.

"मार नको. उद्या हीच... वर्गात दाखवेल... कसं केलं ते. पालकांनाही बोलवू. कुठून आलं, कुणी केलं... एवढं तरी विचारायला शिकू दे त्यांना."

"त्यांचं सोड गं, ताई! दवाखान्यात तुझ्या उशाशी मी होते... आणि मलाच ओळखू आलं नाही!" धाकटी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडू लागली.

भाची क्लिप पुसायला निघाली.

"थांब," थोरली म्हणाली. मग खाली मान घालून पुटपुटली, "घरात कुणी नसलं... की मी ती ऐकायचे. शब्द माझे नव्हते गं... पण..."

पोरीने क्लिप पुसली आणि पहिली गोष्ट लावली. जुना, भरदार आवाज घरात बोलू लागला. थोरलीने डोळे मिटले आणि लहान मुलासारखी, आपल्याच गोष्टीला घोगरा हुंकार देत राहिली.