मापाला उभा केलेला माणूस

बेळगावात खासबागेत राहणारा उपेंद्र हेरेकर हायस्कुलात भूगोल शिकवायचा आणि रविवारी डोंगरांचे फोटो काढायचा. फोटोच्या बाबतीत त्याचं एकच ठाम मत होतं, डोंगरात माणूस पाहिजे. नुसता कडा कितीही उंच असला तरी कागदावर उतरला की ढेकळासारखा दिसतो. त्याच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा माणूस उभा केला, की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. "नकाशाला जशी मोजपट्टी, तसा फोटोला माणूस," असं तो वर्गातही सांगायचा.

एरवी हे काम चित्रकलेचे शिक्षक नागेंद्र करायचे. लाल जर्किन घालून सांगेल तिथं उभे राहायचे, आणि उपेंद्रनं समोरच्या धारेवरून शिट्टी मारली की परत यायचे. सप्टेंबरातल्या त्या रविवारी नागेंद्र सदलग्याला सासुरवाडीला गेले होते. उपेंद्र एकटाच निघाला. जांबोटी मागं टाकून दांडेवाडीच्या वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, पोचला तेव्हा चार वाजले होते. पाऊस उघडला होता. कड्याखालची सगळी दरी हिरवीगार होती आणि ऊन तिरकं पडलं होतं. असा उजेड वर्षातून एखाद्या वेळी मिळतो.

फक्त माणूस नव्हता.

तेवढ्यात खालून एक म्हातारा चढून आला. डोक्यावर इरलं, हातात काठी. चुकलेली म्हैस शोधत होता. नाव भावकू.

"अण्णा, जरा त्या टोकाला उभं राहता का? फोटो काढायचाय."

"माझा?" भावकू हसला. "माझा कशापायी?"

"डोंगराचाच. पण माणूस असला की बरं दिसतं."

"किती येळ?"

"मी पलीकडच्या धारेवर जातो. तिथनं शिट्टी मारेपर्यंत हलू नका. इरलं तेवढं काढून ठेवा."

"बरं," म्हणाला म्हातारा, आणि इरलं बाजूला ठेवून कड्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. हात मांडीला चिकटवलेले, मान ताठ. शाळेत तपासनीस आल्यावर पोरं उभी राहतात तसा.

पलीकडं पोचायला उपेंद्रला पाऊण तास लागला. म्हातारा हललेला नव्हता. उपेंद्रनं अकरा फोटो घेतले. बाराव्याच्या वेळी कोकणच्या बाजूनं धुकं वर आलं, आणि बघता बघता समोरचा कडा पुसून गेला. पाठोपाठ पावसाची सर. त्यानं कॅमेरा पोटाशी धरला आणि गाडीकडं पळत सुटला.

जांबोटीत चहा घेताना त्याला शिट्टीची आठवण झाली.

त्यानं कप खाली ठेवला. मग मनाशी म्हणाला, डोंगरात जन्म गेलेला माणूस, पाऊस आल्यावर जाईल की घरी. परत जायचं तर वीस मैल, तेही धुक्यात. त्यानं आणखी एक चहा सांगितला.

तो दुसरा चहा त्याला पुढं फार छळणार होता.

फोटोला बेळगावच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. लोक फोटोपुढं थबकून उभे राहत. "त्या माणसानं जान आणली," म्हणत. बक्षीस घेताना उपेंद्र पाच मिनिटं बोलला, माणसामुळं डोंगराला उंची कशी येते त्यावर. माणसाचं नाव त्यानं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

फेब्रुवारीत तो राजहंसगडावर गेला. सकाळची वेळ, गडावर चिटपाखरू नव्हतं. घरी येऊन फोटो संगणकावर उघडले, तर तटाच्या डाव्या टोकाला कुणीतरी उभं होतं. असेल कुणी गावचा, म्हणून त्यानं सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात वैजनाथच्या डोंगरावरही तसंच. मग हिडकलच्या बाजूच्या एका उघड्या बोडक्या टेकडीवर. फोटो काढताना तिथं कुणी नव्हतं, हे तो शपथेवर सांगू शकला असता.

तिन्ही ठिकाणी हात मांडीला चिकटवलेले. आणि माणूस नेमका त्याच जागी, जिथं उपेंद्रनं स्वतः त्याला उभं केलं असतं.

त्यानं भूगोलाच्या शिक्षकानं करावं तेच केलं. नकाशावरून अंतर काढलं, लेन्सवरून हिशेब मांडला, त्या आकृतीची उंची काढली. राजहंसगडावर पाच फूट दोन इंच. वैजनाथला पाच फूट दोन इंच. टेकडीवरही तेवढीच. मग बक्षिसाचा फोटो काढून भावकूची उंची मोजायला तो बसला. निम्म्यात त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

त्याची बायको विद्युल्लता चहा घेऊन आली, त्याच्या खांद्यावरून बघत म्हणाली, "यांना हल्ली सगळीकडं घेऊन जाता वाटतं? आणि उन्हातान्हात असं उभं करता. वय झालेलं दिसतंय की त्यांचं."

इतक्या लांबून वय कसं दिसलं, हे त्यानं विचारलं नाही. तिला खरं काय ते सांगावं, असं फार मनात आलं. पण सांगायचं तर चहापासून सांगावं लागलं असतं.

एप्रिलात तो दांडेवाडीला गेला. बक्षिसाच्या फोटोची प्रत पिशवीत होती. ती म्हाताऱ्याच्या हातात द्यायची, माफी मागायची, असं ठरवून. भावकूचं घर गावच्या टोकाला होतं. त्याची बायको मालुबाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"भावकू अण्णा आहेत का?"

"न्हाईत," ती म्हणाली. "नवरात्राच्या आदी गेलं."

उपेंद्र उभाच राहिला. ती सूप न थांबवता सांगत होती. "म्हस बघाय गेलतं, रातभर आलं न्हाईत. सकाळी गावकरी वर गेलं तर कड्यावर हुबं. भिजून गार पडल्यालं. चला म्हटलं तर येईनात. एका सायबानं हुबा ऱ्हा म्हणून सांगिटलंय, म्हणालं. चौघांनी उचलून आणलं. सात दिस ताप. तापातबी अंथरुणावर उठून हुबं ऱ्हायाचं." तिनं मान वर केली. "कोण सायब हुता, देवाला ठाव. तुम्हास्नी काय ठाव हाय का?"

"नाही," उपेंद्र म्हणाला.

आणि तेवढ्यावर न थांबता पुढं बोलला, "कुणी मोजणीवाला असेल."

"व्हय," मालुबाई म्हणाली. "आसंल."

पिशवीतला फोटो पिशवीतच राहिला. तिनं दिलेलं पाणीही तो प्यायला. गावाबाहेर आल्यावर त्याचे कान जळायला लागले. आपण पन्नाशीच्या घरातला माणूस, पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारलेला. तो गाडीकडं न जाता सड्यावर चढला, पलीकडच्या धारेवर गेला. भर दुपार होती. समोरच्या कड्यावर कुणी नव्हतं.

त्यानं शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली. दरीतून आवाज फिरून आला. पुन्हा वाजवली. ओठ सुकेपर्यंत वाजवत राहिला. शेवटी बसून रडला.

घरी येऊन त्यानं राजहंसगडाचा फोटो उघडला. तट मोकळा होता. वैजनाथही मोकळा. टेकडीही. भिंतीवरचा बक्षिसाचा फोटो त्यानं खाली उतरवून खिडकीशी नेला. कडा होता, दरी होती, टोकाला कुणी नव्हतं. त्या रात्री त्याला झोप लागली. पण सकाळी जाग आली ती त्या एका शब्दानं. नाही.

तीन आठवडे तो शब्द तोंडात कडू होऊन राहिला. मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, तो परत दांडेवाडीला गेला. पाऊस पडायला अजून महिना होता. वाटेवरची धूळ घोट्यापर्यंत येत होती. मालुबाई घरात भिंतीला टेकून घोंगड्यावर बसली होती. तो उंबऱ्याच्या आत आला आणि बसायच्या आधीच बोलला.

"आक्का, तो साहेब मीच. मी शिट्टी मारायला विसरलो. वाटेत आठवलं, तरी परत आलो नाही."

"ठाव हाय," मालुबाई म्हणाली.

तो होता तिथंच खाली बसला.

"त्या दिशीच कळलं. ज्याला काय ठाव नसतंय त्यो इचारतोय, कशानं गेलं, कवा गेलं. तुम्ही कायबी इचारलं न्हाय." ती थांबली. "मग दुपारी शिट्टी आयकली. लई येळ वाजत हुती. तिन्हीसांजंला हे घरला आलं."

"कोण?"

"रोज येत्यात. दारात हुबं ऱ्हात्यात. आत या म्हटलं, बसा म्हटलं. माझं आयकत न्हाईत." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, थकवा होता. "आज दुपारधरनंच हाईत. तुम्ही यायचं म्हणून आसंल."

उपेंद्रच्या पाठीमागं दार होतं. दारातून ऊन आत पडलं होतं. त्या उन्हात त्याची एकट्याची सावली होती. पाठीला मात्र गारवा लागत होता, पावसाळ्यात सड्यावर लागतो तसा.

"तुम्ही सांगा," मालुबाई म्हणाली. "तुमचं आयकत्यात."

त्यानं मागं वळून बघितलं नाही. तेवढं धाडस त्याच्यात नव्हतं. हात जोडले, ते समोरच्या भिंतीला.

"अण्णा," तो म्हणाला. "झालं अण्णा. माझं चुकलं. बसा आता."

घरात काही हललं नाही. बाहेर कुठंतरी कोंबडी कुरकुरली.

मग मालुबाई जराशी सरकली. घोंगड्यावर आपल्या शेजारी तिनं एका माणसापुरती जागा केली. खुंटीवरचा कोरडा पंचा काढला आणि त्या मोकळ्या जागेवर, डोकं पुसावं तसा, हळूहळू फिरवला.

नंतर उठून दाराशी गेली आणि पंचा पिळला. पाण्याची धार ओट्यावर पडली.