किलवाऱ्याचा सहा नंबर

हर्लिंग म्हणजे काठ्या-चेंडूचा आयरिश खेळ; किलवारा गावाच्या हर्लिंग क्लबची चिटणीस डिम्फ्ना हेहिर कागदाला पक्की. हिवाळाभर ती क्लबचा शंभर वर्षांचा इतिहास लिहीत बसली होती. फायनलला नेहमीप्रमाणे खेळाडूंची यादी आयरिशमध्ये लिहून तिने पंचांच्या हातात दिली. मैदानाच्या कडेला येऊन तिने आपली प्रत वाचली. सहा नंबरपुढे नाव होतं पॅकी टबरिडी. इतिहास लिहून लिहून सवयीने हात चालून गेला होता. पॅकी १९३४ च्या फायनलआधी आठ दिवस न्यूमोनियाने वारला होता.

संघ पंधराचा, पण किलवाऱ्याकडे मुळात चौदाच खेळाडू. बाकीची पोरं सिडनीत सिमेंट कालवत होती. चौदांनी खेळायला हरकत नव्हती. पण यादीत खोटं नाव म्हणजे सामना गेला, आणि सामना गेला की क्लब गेला. हरलो तर शेजारच्या बॅलिनॉगमध्ये विलीन व्हायचं, असं सभेत ठरलं होतं. आज समोर बॅलिनॉगच होतं.

"मॉसी, मी घात केला रे," ती अध्यक्षाला म्हणाली.

मॉसी लिडीने मानही वळवली नाही. "गप गं बाई. पोरं कशी पेटलीत बघ!"

पेटली होती खरी. मधल्या फळीतली सहा नंबरची जागा मोकळी होती. तिथे चेंडू पडला, की काठीवर काठी आदळल्याचा आवाज व्हायचा आणि चेंडू उलटा बॅलिनॉगच्या गोलाकडे जायचा. डिम्फ्नाला तिथे बॅलिनॉगचा डोनी कार्मडी तेवढा दिसत होता, एकटाच हवेला खांदा मारताना. वाऱ्यावर ओल्या लोकरीच्या जुन्या जर्सीचा वास येत होता.

मध्यंतरात ती पंचांकडे धावली. "साहेब, यादी चुकलीय. आम्ही चौदाच आहोत."

"बाई, मी स्वतः मोजलेत," पंच वैतागले. "पंधरा."

आयुष्यात पहिल्यांदाच डिम्फ्नाने चूक तशीच राहू दिली.

शेवटचं मिनिट. बरोबरी.

चेंडू मोकळ्या जागेत पडला.

ठक्क.

साठ यार्डांवरून तो बॅलिनॉगच्या गोलाच्या आडव्या दांडीवरून गेला, अगदी मधोमध. विजयाचा एक गुण.

शिट्टी वाजली आणि अख्खं किलवारा मैदानात उतरलं. म्हाताऱ्यांनी कुंपणं ओलांडली. मॉसी ढसाढसा रडत होता. "नाव राहिलं गं आपलं! बॅलिनॉगवाल्यांच्या नाकावर टिच्चून राहिलं!" डिम्फ्नाने त्याला मिठी मारली. इतका आनंद तिला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

गर्दीतून डोनी कार्मडी आला. त्याच्या कपाळावर टेंगूळ होतं.

"तुमचा सहा नंबर कुठाय हो बाई? हात मिळवायचाय. काय खेळला लेकाचा!"

"गेला तो," डिम्फ्ना म्हणाली.

डोनी जरा घुटमळला, मग आवाज उतरवून म्हणाला, "तासभर त्याला चिकटून होतो मी. एकदासुद्धा त्याचा श्वास ऐकू आला नाही."