दोन तलावांचा केवळराम

माझं काम वेळापत्रकाचं. गडचिरोलीतल्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात बसून मी दोन जुन्या तलावांच्या दुरुस्तीच्या फायली सांभाळते. एक तलाव चामोर्शीकडचा, दुसरा ब्रह्मपुरीकडचा. फायली दोन, पण माणसं आणि मशिनी सामायिक. त्यांची नावं तिसऱ्या एका फाईलमध्ये असतात आणि दोन्ही कामं ती तिथूनच उचलतात. एकच माणूस एकाच वेळी दोन्हीकडे लागला, की कॉम्प्युटर त्याच्या नावापुढे लाल बाहुली काढतो.

बुधवारी केवळरामपुढे लाल बाहुली आली.

केवळराम आमचा बुडी मारणारा. जुन्या तलावाच्या तळाशी पाणी सोडायचं तोंड असतं, त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. गाळात आणि शिंगाड्याच्या वेलीत अडकलेलं तुडूम हातानं मोकळं करणारा माणूस आता त्याच्याशिवाय दुसरा उरलेला नाही. कमरेला दोर बांधून तो खाली जातो. बांधावर तो दोर त्याची बायको वच्छला धरते, दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही.

मी दोन्हीकडे फोन लावले. चामोर्शीचा सुपरवायझर प्रफुल म्हणाला, "इथीच हाये, मॅडम. आत्ताच वर आला."

ब्रह्मपुरीचा सुरेंद्र म्हणाला, "माह्यासमोर आंग पुसून राह्यला."

दोघांनी फोटो पाठवले. दोन्हींवर वेळ एकच, अकरा वाजून दहा मिनिटं. मध्ये अडीच तासांचा रस्ता. मी सरळ हिशेब केला, दोघांपैकी एक चोर आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि साइटवरच्या हजेरीवर तर त्याहून नाही.

आमचे मॅनेजर गुणवंतराव, त्यांना स्क्रीनवर लाल रंग खपत नाही. "एकीकडून नाव उडवा," म्हणाले. मी ब्रह्मपुरीच्या फाईलमधून उडवलं. बाहुली गेली. दुसऱ्या दिवशी केवळराम चामोर्शीच्या तलावातून वर आला तो नाकातून रक्त गाळत. प्रफुलला एवढंच म्हणाला, "तिकडचा दोर कोनं सोडला गा?"

मी नाव परत टाकलं. योगायोग असेलही, पण दुसऱ्याच्या जिवावर तो तपासून पाहायची मला हौस नव्हती. गुणवंतराव भडकले. शुक्रवारी अकरापर्यंत निकाल लावा, नाहीतर मीच त्याला सामायिक यादीतून काढतो, म्हणजे दोन्हीकडून जाईल, असं सुनावलं. मी म्हटलं, "मी काढणार नाही. पाहिजे तं मले काढा." आणि शुक्रवारी सकाळी चामोर्शीची बस धरली. केवळरामला पाण्यातच उतरू द्यायचं नाही, एवढं ठरवलं होतं.

बस वाटेत पंक्चर झाली. मी बांधावर चढले तेव्हा अकराला चार मिनिटं कमी होती आणि तो खाली गेलेला होता.

वच्छलाबाई दोराचे दोन वेढे हाताला घेऊन उभी होती. तिचे तळहात सोलले होते. पाण्याला चिखलाचा, कुजलेल्या पाल्याचा वास. वर एक बुडबुडा नाही.

"वच्छलाबाई, त्याले वर वढा."

"मधात वढता येत नाई, बाई. त्यानं हालवला का मंग वढाचा."

"अना ब्रह्मपुरीले दोर कोन धरते?"

धानाला पाणी लागतं का, असं मी विचारल्यासारखं तिनं पाहिलं. "मीच. दुसरं कोन धरन?"

मी घाबरले, खोटं कशाला बोलू. पण रागही आला. ज्या माणसानं हा तलाव कधी पाहिला नाही, तो तिकडे पंख्याखाली बसून केवळरामचं नाव पुसणार होता.

अकरा वाजले.

दोराला हिसका बसला. वच्छलाबाई तोंडावर आपटली आणि दोर तिच्या हातातून निसटला.

मी झडप घालून धरला. टाचा मातीत रोवल्या. ओला दोर तळहात कापत पाण्याकडे चालला होता. "नाई देत!" मी ओरडले. पाण्याला की गुणवंतरावांना, देव जाणे.

प्रफुलनं पुढे येऊन हात लावला, पण वच्छलाबाई पडल्या पडल्या किंचाळली, "एकाचाच हात पाह्यजे!"

"सुरेंद्रले फोन लाव," मी त्याला म्हटलं. त्यानं लावला आणि माझ्या तोंडाशी धरला.

"सुरेंद्र, तिथला दोर धर! वच्छलाबाई पडली!"

पलीकडे नुसता वारा. मग त्याचा चाचरणारा आवाज.

"इथी बी पडली, मॅडम. पन दोर तं... तुमीच धरला ना. माह्यासमोर उभ्या हाव."

माझ्या बोटांतून रक्त निघू लागलं होतं.

"तिले सांग," मी म्हटलं, "सोडू नोको म्हनाव."

सुरेंद्र काही बोलण्याआधी फोनमधून माझाच आवाज आला, धापा टाकत.

"नाई सोडत."