तात्यांची सीट

जुन्या लेदरचं काम माझ्यासारखं चारोटीपासून अच्छाडपर्यंत कोणी करत नाही. ही बढाई नाही, हायवेवर कोणालाही विचारा. उन्हानं तडकलेली, घामानं काळी पडलेली, कुत्र्यानं कुरतडलेली सीट आणा. मालक स्वतःची गाडी ओळखणार नाही अशी करून देईन. त्यामुळे दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत विजयमालाकाकींची गाडी माझ्या गाळ्यावर आली, यात नवल काहीच नव्हतं.

काकींची घोलवडकडे चिकूची वाडी. गाडी जुनी, विलायती, त्यांच्या यजमानांच्या हौसेची. यजमान म्हणजे तात्या, सदा तपकीर ओढणारे. दिवाळीआधी ते याच गाडीत, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसल्याबसल्या गेले होते.

आमच्याकडे तेव्हा भूकंपाचे धक्के चालू होते. घरोघरी भिंतींना भेगा, माणसं झोपायला अंगणात. काकींची सून भाविका गरोदर, दिवस भरत आलेले. अशा थंडीत तिला उघड्यावर निजवायची कशी? तात्यांची सीट मागे पाडली की चांगला बिछाना व्हायचा. पण भाविका तिथं पाठ टेकायला तयार नव्हती.

"टोचतं का काही?" मी विचारलं.

"टोचत नाही. कोणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटतं म्हणते." काकींनी आवाज खाली आणला. "तात्या बसलेत ना, मिथुनभाऊ. त्यांना तेवढं उठवा."

आमच्या धंद्यात फोम दबला की सीट बसली म्हणतात, आणि नवा भरला की उठवली. तात्या बसलेत म्हणजे तात्यांची सीट बसलीय, एवढं न कळायला मी काय नवशिका आहे?

"एकदम ताठ उठवतो, काकी. काळजी सोडा," मी म्हटलं.

बाकीच्या सीटा लोण्यासारख्या झाल्या. मऊ ब्रशनं मळ काढला, भेगांत फिलर भरला, बारीक पॉलिशपेपर फिरवला, रंगाचे पातळ हात दिले. राहिली तात्यांची. तिचा जुना फोम काढून टाकला आणि नवा, कडक, बुक्की मारली तर हात दुखेल असा बसवला. मग जेवून आलो, तर सीट पुन्हा दबलेली. मधे खोलगट, पाठीला खोलगट. फोमवाल्यानं फसवलं म्हणून मी त्याला फोनवर चार शिव्या घातल्या आणि दुसरा फोम मागवला. तोही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दबला.

मग मी दार लावून आत बसलो आणि हातानं चाचपायला लागलो. थिनरच्या वासाखाली दुसराच एक वास होता. तपकिरीचा. आणि मी वाकलेला असताना गाडी हलली. जोरात नाही, शेजारचं माणूस कूस बदलतं तेवढीच.

"धक्का!" ओरडत मी बाहेर उडी मारली. समोर चहाच्या टपरीवर जमना पाण्याचं घमेलं घेऊन बसली होती.

"काय रं, काय झालं?"

"धक्का बसला ना आत्ता!"

"कुठं? मना तं काय नाय कळला."

घमेल्यातल्या पाण्यावर साधी रेघ उठली नव्हती. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा राग जास्त आला. माझ्या हातून काम होत नाही? भर उन्हात, वाहत्या हायवेवर मी पुन्हा आत शिरलो आणि त्या सीटला सरळ सांगितलं, "तात्या, उठा हो... सुनेला जागा द्या."

मग कोणी जड माणूस गुडघ्यावर हात देऊन उठावं, तसा फोममधून एक लांब सुस्कारा आला... आणि खोलगट भाग हळूहळू, माझ्या डोळ्यांसमोर वर आला. गाडीसुद्धा स्प्रिंगवर थोडी उचलली गेली. तपकिरीचा वास गेला. मी रंगाचे हात दिले, वर संरक्षणाचा क्लिअर कोट मारला. इतकं सुंदर काम मी आजवर केलेलं नाही.

संध्याकाळी काकी ड्रायव्हर लहान्याबरोबर गाडी न्यायला आल्या. भाविकाही आली होती. ती सीटवर टेकली, मग आडवी झाली आणि पोटावर हात ठेवून तिनं डोळे मिटले. काकींच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही भरून आलं, का नाही येणार?

निघताना काकींनी काच खाली केली.

"उठवलंत ते बरं झालं. पण त्यांना कुठं बसा म्हणालात?"

"कोणाला?"

"मोठ्या माणसाला असं नुसतं उठवत नाहीत हो. दुसरी जागा दाखवतात."

मी हसलो. काकी हसल्या नाहीत. लहान्यानं माझ्याकडे न बघता गाडी काढली.

गाळा बंद करून मी तलासरीच्या रस्त्याला लागलो. मोटरसायकल चढावर ओढत नव्हती. मागच्या चाकात हवा कमी असेल, असं मी ठरवून टाकलं आणि मागे वळून बघितलं नाही.

घरी दिवेलागण झाली होती. आमचीही झोपायची सोय अंगणातच. बायको शितल चुलीपाशी होती, चार वर्षांची आमची बारकी खाटेवर पाय पसरून खेळत होती. मला बघून तिनं गोधडी ओढली आणि पार कडेला सरकली.

"एवढी कशाला सरकतेस? पडशील," शितल म्हणाली.

"दोघांना जागा लागेल ना," बारकी म्हणाली.

खाटेची दोरी करकरली, मधे खाली गेली.

मी अजून उभाच होतो.