शोधघराची वीज कुठे अडली?

डोक्यावर सोलापुरातलं एप्रिलचं ऊन होतं, छपराछपरांवर सोलर पॅनेल (उन्हापासून वीज बनवणारी पाटी) होती, आणि तरीही शोधघराची बॅटरी उतरत चालली होती. ऊन असताना वीज गेली कुठे?

ही गोष्ट २०४३ सालची. यंत्रमागांच्या गल्लीतल्या मुलांसाठी हे शोधघर चौघांनी मिळून उभं केलं होतं. शहराच्या विज्ञान निधीनं खर्च उचलला, एका कारखान्यानं बिंदू नावाचा शिकवणारा रोबो दिला, महाविद्यालयानं सूक्ष्मदर्शक (बारीक वस्तू मोठी दाखवणारं यंत्र) दिले आणि गल्लीनं आपल्या छपरांवरची वीज दिली. करार मात्र भलताच कडक होता. एकाचा वाटा थांबला की बाकी तिघांनीही हात काढून घ्यायचे. आणि आज नेमक्या निधीच्या इनामदार बाई तपासणीला येऊन बसल्या होत्या.

"वीज बंद पडली तर गल्लीचा वाटा थांबला असं मला लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या. नियमाच्या पक्क्या होत्या, आणि ते कधीकधी जास्त अवघड असतं.

रोज इथे शिकायला येणाऱ्या सातवीतल्या सुकन्यानं हे ऐकलं. शोधघर गेलं तर बिंदू जाणार, सूक्ष्मदर्शक जाणार. फी भरून प्रयोगशाळेत शिकणं गल्लीत कुणालाच परवडणारं नव्हतं. पॅनेल बघायला ती धावतच शेजारच्या छपरावर गेली. तिथे कलावती मावशींनी चक्क पॅनेलवर जुनी साडी अंथरून पापड वाळत घातले होते.

"मावशी, यावर?"

"मग कुठं? खाली धूळ असती. हे कसं स्वच्छ, तापलेलं. आणि एकच तर झाकलंय की. बाकीची हायत की उघडी."

खरंच की. एक झाकलं तर सगळी का थांबावीत? शिवाय पलीकडच्या दोन छपरांवरच्या पॅनेलवरही कुरडया पसरलेल्या दिसत होत्या, आणि त्या घरांना कुलपं होती. ती माणसं कामावरून येईपर्यंत बॅटरी टिकणार नव्हती.

शोधघरात परत येऊन सुकन्यानं बिंदूला गाठलं. त्याचा आवाज खोल गेला होता.

"माझ्यात थोडीच वीज उरली आहे. म्हणून एकच प्रश्न. अरुंद बोळातून मुलं एकामागोमाग चालली आहेत. मधलं एक थांबलं तर?"

"मागची सगळी अडकतात."

"आणि प्रत्येकाला वेगळी..."

बिंदूचे डोळे विझले. सुकन्याला रडूच येणार होतं. पण रडायलाही वेळ नव्हता.

"वेगळी वाट," ती पुटपुटली. मग वीज कंपनीतून निवृत्त झालेल्या, पॅनेल बसवणाऱ्या व्यंकटेश आजोबांकडे वळली. "आजोबा, आपली पॅनेल एकसर जोडणीत (एकातून निघालेली वीज पुढच्यातून, अशी साखळी) आहेत का?"

"हो. तिथे प्रवाह (तारेतून वाहणारी वीज) सगळीकडे सारखाच लागतो. एकानं कमी केला की सगळ्यांचा कमी."

"मग समांतर जोडणी (प्रत्येकाची वाट वेगळी, शेवटी सगळी वीज एकत्र) करूया?"

आजोबांनी भिंतीवरची पेटी उघडून पाहिली. "व्होल्टेज (विजेचा दाब) उतरेल, पण आपल्या बॅटरीला तेवढं पुरतं. सगळ्या तारा इथल्या पेटीत येतात, त्यामुळे जमेल. फक्त मेन स्विच बंद करावा लागेल."

"आणि परत सुरू झालं नाही तर?" इनामदार बाईंनी विचारलं.

सुकन्यानं टॉर्च उचलला. "मग लिहा, वाटा थांबला म्हणून," ती म्हणाली.

आजोबांनी रबरी हातमोजे घातले आणि स्विच पाडला. पंखे थांबले. सुकन्यानं टॉर्च धरला, आजोबांनी तारा सोडवून पुन्हा जोडल्या. स्विच वर गेला, आणि काहीच झालं नाही. आजोबांनी एक स्क्रू आणखी आवळला. दिवा मिणमिणला, मग नीट लागला, आणि बॅटरीवरचा आकडा चढू लागला.

"पापड काढले?" बाईंनी विचारलं.

"नाही. आता झाकलेलं पॅनेल तेवढी कमी वीज देतं. बाकीची अडत नाहीत." सुकन्यानं इथेच थांबायला हवं होतं, पण ती थांबली नाही. "बाई, मग आपला करारही एकसरच आहे ना? उद्या कारखान्यानं हात काढला तर तुम्ही का थांबायचं?"

आजोबा खोकले. बाईंनी हातातली वही मिटली.

"करार बदलणं माझ्या एकटीच्या हातात नाही. मंडळापुढे सांगावं लागेल, असंच सोपं करून. तू येशील?"

सुकन्याला भीती वाटली, तरी ती हो म्हणाली.

दारात कलावती मावशी उभ्या होत्या. "मी बी येते," त्या म्हणाल्या. "पापड कुणाचे होते, इचारतीलच की."